होडीला सोंड

९ जानेवारी

प्रिय मेहुणेबुवा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण तुझ्या मागे ते शिवणयंत्र घरघरत असतं आणि तू माझं निम्मंच ऐकून "नाही जमायचं" म्हणत फोन ठेवतोस. कागद मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून कागद.

काम असं आहे. आपल्या होडीला बोस्प्रिट बसवायचं मी ठरवलंय. पुढच्या टोकातून सव्वा मीटर बाहेर निघालेला कार्बनचा दांडा. सोंडच म्हण ना. तिच्या टोकाला बांधायचा असिमेट्रिक स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्यावर फुगणारं ते एका बाजूला वाकडं शीड, तू शिवायचंस. जुना गोल स्पिनेकर आणि त्याला ताणून धरणारा तो पोल आता पुरे झाला. बंदरातल्या सात होड्यांपैकी पाचांना सोंडा आल्या. वारा मागून आला की त्या भुर्रकन पुढे जातात आणि आम्ही दोघं, तुझी ताई आणि मी, त्यांच्या पाठी बघत बसतो. वेग पाहिजे, दुसरं काही कारण नाही.

एप्रिलमध्ये दोघादोघांच्या शर्यती सुरू होतात. मार्चअखेर शीड हातात पडू दे.

तुझ्या ताईला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून तूच सांग. तुझं ती ऐकते.

तुझे भाऊजी


१५ जानेवारी

भाऊजी,

ताई माझं ऐकते ही बातमी मला नवीन आहे. मी एकोणपन्नास वर्षांचा झालो, अजून एकदाही तसं घडलेलं नाही. तेव्हा मांजराच्या गळ्यात घंटा तुमची तुम्हीच बांधा.

आता कामाचं. सोंड म्हणजे टोपीला खोचलेलं पीस नव्हे. शीड तिला वर खेचतं, म्हणून टोकापासून खाली पाण्याच्या रेषेपर्यंत एक ताणाचा दोर लागतो. पुढच्या भागाला आतून जाड फळी चिकटवावी लागते, नाहीतर पहिल्याच जोराच्या झोताला सोंड पूर्ण होडीची साल काढून नेईल. आणि या शिडाने वारा अगदी पाठीवर घेऊन सरळ जाता येत नाही. तिरकं जायचं, बाजू बदलायची, पुन्हा तिरकं. तुम्हाला सरळ जाण्याची सवय आहे, हे मी शिडाबद्दलच म्हणतोय.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती तुम्ही पत्रात शिताफीने गाळलीत. जुन्या स्पिनेकरची बाजू बदलायची तर कोणीतरी नाळेवर, त्या चिंचोळ्या पुढच्या टोकावर जाऊन, डुलत्या होडीत दोन्ही हात सोडून, पोल डोलकाठीवरून काढून उलटा लावावा लागतो. हे "कोणीतरी" म्हणजे बावीस वर्षं ताई. सोंड आली की पोल गेला, पोल गेला की नाळेवरचं कामच गेलं. मागे बसून दोर ओढला की झालं. म्हणजे तुम्ही शीड बदलत नाही आहात, माझ्या बहिणीला कामावरून काढताय. हे तिला मी सांगू?

मापांचा तक्ता सोबत आहे. डोलकाठीच्या टोकापासून नाळेपर्यंत, टोकापासून सोंडेपर्यंत, आणि सोंडेपासून मागे. ताईला बरोबर घेऊन मोजा.

तुमचा मेहुणा


२७ जानेवारी

धाकट्या,

तुला माहीत होतं. नाही म्हणू नकोस, तुझ्या अक्षरातला तक्ता मला यांच्या कोटाच्या खिशात सापडला.

मला कसं कळलं ते ऐक. शनिवारी शाळा सुटल्यावर बंदरावर गेले. बघते तर सुतार कमरेपर्यंत होडीच्या पुढच्या कप्प्यात शिरलाय, नुसते पाय बाहेर. आतून गिरमिटाचा आवाज. मी म्हटलं, "काय चाललंय?" पाय म्हणाले, "सोंडेचं भोक, बाई." मी म्हटलं, "कोणाच्या सोंडेचं?" त्यावर पाय आणखी आत सरकले. सगळ्या बंदराला माहीत, सुताराच्या पायांना माहीत, फक्त मला नाही.

घरी येऊन विचारलं तर म्हणे, वेगासाठी. वेगासाठी! हा माणूस जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरतो. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून किलोचं वजन तपासायला तासभर लावतो. त्याला एकाएकी वेगाचा उमाळा आला? खरं कारण मला माहीत आहे, पण ते मी तुला सांगणार नाही. ते माझं मी बघेन.

बावीस वर्षं त्या नाळेवर माझे गुडघे सोलवटले. तिथे कुठली फळी ओली असताना घसरते, पोलाची कुठली खीळ अडकते, हे मला डोळे मिटून ठाऊक आहे. आता कानामागून आली आणि तिखट झाली ती सोंड. आणि मी काय करायचं? मागे बसून दोर धरायचा, बाजारात पिशवी धरून उभं राहतात तसं?

तू ते वाकडं शीड शिवू नकोस. एवढं तरी ऐक.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

मी शिडं शिवतो, माणसं नाही. कापडाला कात्री लावायची की नाही हे तुम्ही दोघांनी आपसात ठरवून मला एकच पत्र लिहाल तर उपकार होतील. एका टपालाने "शिव", दुसऱ्या टपालाने "शिवू नकोस". मी जमिनीवर गुडघे टेकून बसलोय, समोर निम्मी खोली भरून निळं नायलॉन पसरलंय, वारा आला की ते सरकतं, आणि मी तुमच्या संसाराचा विचार करतोय.

खरं कारण मला कळलंय बरं का, तू सांगितलं नाहीस तरी. भाऊजींना तुझी काळजी वाटते. तू त्रेपन्न वर्षांची झालीस. नाळेवरची कसरत या वयात सगळ्यांनाच जड जाते, त्यात कमीपणा कसला? माझेही गुडघे आता कुरकुरतात. मोठ्या मनाने सोडून दे.

तुझा भाऊ


६ फेब्रुवारी

धाकट्या,

माझे गुडघे कुरकुरत नाहीत. काल चाळीस वह्यांचा गठ्ठा घेऊन मी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि वर जाऊन लगेच गणित शिकवलं. कुरकुर दुसऱ्याच दोन माणसांची आहे, एक माझ्या घरात आणि एक तुझ्या कारखान्यात.

उचलली जीभ लावली टाळ्याला. या विषयावर मला पुन्हा लिहू नकोस.


१० फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

सोंड बसली. मापं सोबतच्या कागदावर आहेत.

तू ताईला बरोबर घेऊन मोजायला सांगितलं होतंस. ते जमलं नाही. ती सध्या माझ्याशी फक्त जेवायला वाढताना बोलते, तेही भांड्यांतून. मी एकट्यानेच मोजलं. होडीतली नेहमीची टेप शिडाच्या दोराला अडकवून डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवली आणि खाली उभा राहून आकडा वाचला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तोच आकडा आला. शिवायला घे.

तुझे भाऊजी


१४ फेब्रुवारी

भाऊजी,

डोलकाठी वाढते का हो?

मी नऊ वर्षांपूर्वी तुमचा गोल स्पिनेकर शिवला, तेव्हाची मापं माझ्याकडे आहेत. टोकापासून नाळेपर्यंत अकरा मीटर चाळीस. तुमच्या कागदावर आहे अकरा नव्वद. झाडाची गोष्ट असती तर मी समजू शकलो असतो, ही अ‍ॅल्युमिनियमची नळी आहे. तुमची नजर चुकली असेल असं मी म्हणत नाही, पण कृपा करून ताईला एकदा टेपचं टोक धरायला सांगा. हवं तर माझ्या नावाने सांगा. नको, माझ्या नावाने नकोच.

तुमचा मेहुणा


१९ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

चोवीस वर्षं मी लोकांच्या तराजूंना शिक्के मारतोय. पाच ग्रॅमचा फरक मला दुकानाच्या दारातून दिसतो. आणि तू मला अर्धा मीटर चुकलास म्हणतोस?

चार वर्षांपूर्वीच्या वादळात जुनी डोलकाठी वाकली आणि आपण नवी बसवली, हे तू विसरलास. नवी उंच असणार. तुझ्या वहीत जुनी आहे, माझ्या कागदावर नवी. मी तीनदा मोजलंय. आता कात्री चालव.

भाऊजी


२० मार्च

भाऊजी आणि ताई, दोघांनाही,

शीड पाठवलंय. निळं, मध्ये पांढरा पट्टा. वहीपेक्षा तुमच्या कागदावर विश्वास ठेवला, कारण वजनमापे निरीक्षकाशी मापावरून भांडण्याइतका मी शूर नाही. पंचवीस दिवस या कापडाने माझं डोकं खाल्लंय. नायलॉन इतकं हलकं की शिंकलो तरी खुणा हलतात.

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा वारा कमी असू दे. आणि दोघं मिळून काढा, एकाने ते काम होत नाही.

ताई, तू अजून माझ्यावर रागावली आहेस, मला माहीत आहे. पट्ट्याची शिवण मात्र बघ. तुझ्यासाठी तिहेरी घातलीय.

तुमचा


३० मार्च

मेहुणेबुवा,

हे तू काय करून ठेवलंस?

ताई आली नाही म्हणून सुताराला घेऊन गेलो. शीड वर चढलं, फुगलं, आणि खालची कड पाण्यात लोळायला लागली. टोकापर्यंत ताणलं तरी पुढची धार सैल, तिला कुठे जायचं ते तिलाच कळेना. कधी होडीच्या पुढून डोकावते, कधी डोलकाठीला मिठी मारते. अख्ख्या बंदरासमोर मी स्वतःच्याच शिडाने मासे पकडले. धक्क्यावर लोक टाळ्या वाजवत होते.

वर सोंडही आखूड दिसते असं सुतार म्हणाला. मी स्वतः सव्वा मीटरवर खूण करून दिली होती, ती आखूड कशी होईल? त्याला काय कळतं! पण शीड मोठं झालंय हे नक्की. पुढच्या रविवारी पहिली शर्यत होती, तिच्यातून नाव काढून घेतलं. पंचवीस दिवस शिवत होतास ते काय तंबू?

भाऊजी


४ एप्रिल

ताई,

या विषयावर लिहू नकोस म्हणाली होतीस, तरी लिहितोय. भाऊजींचं पत्र सोबत आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं चाललंय. मी कागदावरच्या मापाबरहुकूम शिवलं, कड न कड पुन्हा तपासली, माझ्याकडे एका बोटाचाही फरक नाही. सुतार म्हणतो सोंड आखूड, भाऊजी म्हणतात शीड लांब, दोघंही आपापल्या मापाची शपथ घेतात. मला वेड लागायची पाळी आली आहे.

एकतीस वर्षांच्या धंद्यात माझं शीड कधी पाण्यात लोळलं नाही. माझी लाज गेली, तायडे. तुझा यांच्यावर राग असेल, माझ्यावर असेल, पण एवढं सांग, तिथे नक्की काय झालंय?

धाकटा


९ एप्रिल

धाकट्या,

तुझी काही चूक नाही. चूक टेपची आहे आणि त्याहून जास्त माझी.

होडीतली ती टेप आठ वर्षांपूर्वी दोर गुंडाळायच्या चाकात सापडून तुटली. पहिला अर्धा मीटर गेला. नवी आणायची रोज म्हणायचे आणि राहायचं. शेवटी तुटलेल्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळून मी एक कडी शिवून टाकली. तेव्हापासून ती टेप शून्यावर नाही, पन्नासावर सुरू होते. मोजताना टोक हे धरतात, आकडा मी वाचते. वाचला की मनातल्या मनात पन्नास वजा करायचे आणि मोठ्याने सांगायचं. आठ वर्षं मी वजा करतेय. यांना सांगायचं कधी सुचलंच नाही, आणि कडीच्या आत काय आहे हे यांनी कधी बघितलं नाही. सगळ्या गावाच्या फूटपट्ट्या तपासतात, पण दिव्याखाली अंधार.

म्हणून शीड अर्धा मीटर लांब झालं. आणि सोंडेची खूणही त्याच टेपने केली, म्हणून सोंड अर्धा मीटर आखूड.

हे वाचून तू हसशील. मीही हसले. पण खरं सांगायचं तर हसण्यासारखं नाही. ते मोजत होते तेव्हा मी धक्क्यावर उभी होते. ती टेप वर जाताना मी बघितली. एक हाक मारायची होती, फक्त "पन्नास वजा करा" म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. म्हटलं, माझ्याशिवाय चालतं ना, मग चालू दे. तुझं पंचवीस दिवसांचं काम वाया जाणार हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. मला लाज वाटते आहे.

आता कारणही सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या शर्यतीत पोल उलटा करताना माझा पाय घसरला आणि मी पाण्यात पडले. जाकीट होतं, तरंगत राहिले, यांनी होडी वळवून आणली, बाहेर आले. एवढंच. शर्यत गेली. घरी येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि जानेवारीत सोंड. बावीस वर्षांत एकदा चुकले, धाकट्या, एकदा. आणि तोंडाने सांगायचीही हिंमत नाही.

ताई


१२ एप्रिल

भाऊजी,

शीड परत पाठवा. का ते ताईला विचारा, आणि विचारताना होडीतल्या टेपच्या टोकाची पट्टी सोडून आतला पहिला आकडा वाचा. मग मला तंबूवाला म्हटल्याबद्दल काय वाटतं ते कळवा.

पण मी त्यासाठी चिडलेलो नाही. ताई ऑक्टोबरमध्ये पाण्यात पडली आणि मला हे एप्रिलमध्ये कळतंय? नऊ जानेवारीच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, घरी सगळे ठीक आहेत. वेग पाहिजे, दुसरं काही कारण नाही. माझी सख्खी बहीण पडली, त्यावर तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंत, एक शर्यत हरली म्हणून तिची जागा काढून घेतलीत, आणि ते काम माझ्या हातून करवून घेतलंत. मी तुम्हाला सरळ माणूस समजत होतो.

उत्तर द्यायचं तर खरं द्या. नाहीतर नुसतं शीड पाठवा.


१८ एप्रिल

प्रिय मेहुणेबुवा,

टेप बघितली. पन्नास. त्याबद्दल मी तुझी माफी मागतो आणि ऑफिसात कोणाला सांगू नकोस.

बाकीचं लिहायला मला चार दिवस लागले. शर्यतीचं कारण नाही. शर्यत कुठली होती हेही मला आता आठवत नाही.

ती पडली तेव्हा स्पिनेकर पूर्ण फुगलेला होता आणि वारा पाठीवर. मी तिला पडताना बघितलं आणि पुढच्या क्षणी ती मागे गेलेली होती. मी एकटा. सुकाणू सोडलं तर होडी आडवी होते, न सोडलं तर शीड उतरत नाही. पोल एका बाजूने सुटलेला, दोर अडकलेला. मी काय करत होतो ते मला नीट सांगता येणार नाही. नुसता इकडून तिकडे धावत होतो. शीड उतरवून वळलो तोवर ती मला दिसत नव्हती. लाटांमध्ये डोकं किती लहान असतं तुला कल्पना नाही. परत तिच्यापर्यंत पोचायला मला अकरा मिनिटं लागली. होडीतल्या घड्याळात मी बघितलं. अकरा.

ती वर आली आणि म्हणाली, "टॉवेल कुठेय?" मला तिच्याकडे बघवेना. बघितलं असतं तर मी तिथेच कोसळलो असतो. म्हणून मी दोर गुंडाळत बसलो.

ती पुन्हा त्या नाळेवर गेली आणि पुन्हा पडली, तर मी तिला आणू शकेन असं मला वाटत नाही. म्हणून नाळेवर जायलाच नको अशी होडी करायची ठरवली. हे तिला कसं सांगू? बायकोला सांगू, की तुझा नवरा तुला परत आणण्याच्या लायकीचा नाही? त्यापेक्षा तिने मला वेगाचं वेड लागलं असं समजलेलं बरं.

शीड उद्या पाठवतो. हे पत्र तिला दाखवू नकोस. तुला शपथ आहे.

भाऊजी


२१ एप्रिल

ताई,

भाऊजींचं पत्र सोबत जोडलंय. दाखवू नकोस म्हणून त्यांनी शपथ घातली होती. ती मी मोडली, काय व्हायचं ते होवो. एकमेकांपासून लपवलेल्या गोष्टी तुम्ही दोघं माझ्याकडे ठेवायला आणता आणि मग माझ्याच शिडाला नावं ठेवता. मला आता हे झेपत नाही.

तुझ्या वयाबद्दल जे लिहिलं ते मूर्खासारखं लिहिलं. शीड पोचलं की उसवायला घेतो. शिवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ उसवायला लागतो, एवढं दोघांनीही लक्षात ठेवा.

आणि पाण्यात पडलीस तर मला सांगत जा गं. मी लांब राहतो म्हणून परका नाही.

धाकटा


१२ मे

धाकट्या,

यांचं पत्र मी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वाचलं. पुढच्या तासाला फळ्यावर जे गणित सोडवलं त्यात मुलांनी तीन चुका काढल्या.

इतका राग आला होता की विचारू नकोस. सहा महिने हा माणूस ती अकरा मिनिटं पोटात घेऊन फिरतोय, आणि मी समजतेय, शर्यतीसाठी तोंड फुगवलंय. दोन दिवस मी काही बोलले नाही. बोलले असते तर दोघंही रडलो असतो, पुन्हा सगळं जिथल्या तिथे. रडून होडी वळवता येत नाही.

रविवारी सकाळी यांना म्हटलं, चला. वारा बेताचा होता. जुना स्पिनेकर घेतला, जुना पोल घेतला. क्लबच्या रखवालदाराला त्याची मोटरबोट घेऊन जवळपास राहायला सांगितलं. का ते सांगितलं नाही. यांना वाटलं माझा राग गेला. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाच्या पुढे आल्यावर स्पिनेकर फुगवला, जाकिटाचे पट्टे आवळले, नाक धरलं आणि नाळेवरून सरळ पाण्यात उडी मारली.

पहिल्या खेपेला काय गोंधळ घातला म्हणून सांगू! सुकाणू सोडून पुढे धावले, मग शीड सोडून मागे धावले, होडी आपली आपण फिरायला गेली. नऊ मिनिटं लागली. मला वर ओढलं तेव्हा पांढरेफटक पडले होते. "वेड लागलंय का तुला?" म्हणून ओरडले. तीस वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. मी तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हटलं, "परत." आणि परत उडी मारली.

दुसऱ्या वेळी मी पाण्यातून सांगत होते. तिथे "अहो, ऐकलंत का" म्हणायला सवड नसते. "अरे, आधी दोर सोड! वर बांधलेला सोड, पळू नकोस!" असं ओरडले. रखवालदार म्हणतो धक्क्यापर्यंत ऐकू गेलं. सहा मिनिटं. तिसऱ्या वेळी पाच. चौथ्या वेळी पुन्हा सात, कारण डोळे भरून आले होते आणि दिसत नव्हतं. म्हणाले, आता पुरे. मी म्हटलं, पुरे कधी ते मी सांगेन. पाचव्यानंतर माझे दात वाजत होते. सहाव्या वेळी त्यांनी सुकाणू मांडीत धरलं, दोर सोडला, शीड पाण्यावर खुशाल लोळू दिलं, वळले, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर होडी उभी केली. अडीच मिनिटंही लागली नाहीत.

वर आले. यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. म्हणाले, "त्या दिवशी मला वाटलं तू गेलीस." मी म्हटलं, "आणि मला वाटलं तुम्ही मला काढून टाकलंत." मग आम्ही दोघं रडलो, तो रखवालदार बिचारा मोटरबोट वळवून दुसरीकडे बघत बसला.

सोंड राहू दे. पोलाचा मला काही पुळका नव्हता रे. त्या खिळीने माझी तीन नखं खाल्ली आहेत. मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, लावू या. पण विचारायला हवं होतं. आता असं ठरलंय, एका शर्यतीला सुकाणू त्यांच्याकडे, एका शर्यतीला माझ्याकडे, आणि वाकड्या शिडाचे दोर दुसऱ्याकडे. सुताराने सव्वा मीटरची नवी सोंड बसवली. मापं सोबत आहेत. दोघांनी मिळून मोजली, टेप दुकानातून नवी आणली आणि यांनी आधी ती ऑफिसात नेऊन तपासली. तुझं उसवून झालं असेल तर यावर शिव. पंचवीस दिवसांचं काम मी बुडवलं, त्याची भरपाई म्हणून सुट्टीत येऊन तुझ्या जमिनीवर गुडघे टेकून बसेन. ते अजून चांगले आहेत.

एक सांगायचं राहिलं. परत निघताना यांनी जाकिटाचे पट्टे आवळले आणि सुकाणू माझ्या हातात दिलं. म्हणाले, "आता मी." मी नको नको म्हणेपर्यंत उडी मारलीसुद्धा. कानात पाणी गेलं तर आठवडाभर कुरकुर करणारा माणूस. मी दोर सोडला, वळले, आणलं त्यांना. वर आल्यावर कान झटकत मागे त्या पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तिथून होडी फार पटकन लहान होते गं. अकरा मिनिटं तू हे बघत होतीस. तुला भीती नाही वाटली?"

मी म्हटलं, "नाही."

"का?"

"तुम्ही येत होतात ना."

तुझी,
ताई